गानबोल्डच्या आईवरचे पांढरे डाग

माझं नाव फिलोमिना. वसईत सगळे मला फिलू म्हणत, आणि ऑस्ट्रेलियात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी फिल झाले. इथल्या लोकांना लांब नाव उच्चारायचा भारी कंटाळा. वेरिबीतल्या आमच्या फ्रेमच्या दुकानात गिऱ्हाईक यायचं, काउंटरवर कोपर टेकायचं आणि विचारायचं, "फिल आहे का, लव्ह?" मी म्हणायचे, "मीच फिल." मग ते माझ्या मागे बघायचं. मागे भिंत होती. भिंतीवर लाकडी पट्ट्यांचे नमुने टांगलेले असत. त्यात कुणी पुरुष सापडला नाही की मग नाइलाजाने ते आपलं चित्र माझ्यासमोर ठेवायचं.

आता निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, "एवढी वर्षं फ्रेमाच करत होतीस? बाकी काही नाही?" बाकी काही नाही. एका चांगल्या फ्रेमेत किती गोष्टी असतात हे त्यांना कोण सांगणार! लाकडाची पट्टी पंचेचाळीस अंशांत कापायची, म्हणजे चार कोपरे एकमेकांना असे भिडले पाहिजेत की मधे नखसुद्धा जाऊ नये. कागदावरच्या चित्राला काच लागते आणि काचेला चित्र चिकटू नये म्हणून मधे जाड पुठ्ठ्याची खिडकी लागते, तिला आम्ही माउंट म्हणतो. तैलचित्राला काच नको, त्याला श्वास घ्यायला हवा. कॅनव्हास आधी लाकडी चौकटीवर ताणून मागून स्टेपल मारायचे, सतरंजी झटकताना दोघं जसे समोरासमोर ओढतात तसे, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ओढत. इतकं सगळं करून लोक चित्र बघतात आणि म्हणतात, "वा, काय चित्र आहे!" फ्रेमकडे कुणाचं लक्ष गेलं नाही की समजायचं, काम छान झालं.

हा धंदा माझ्या रक्तातला. वसईत वडिलांचं तसबिरींचं दुकान होतं. एका भिंतीवर येशूचं पवित्र हृदय, दुसऱ्या भिंतीवर गणपती आणि लक्ष्मी, आणि मधे वडील, तोंडात चार खिळे धरून. लग्न होऊन नवऱ्याबरोबर, जोसेफबरोबर, मी मेलबर्नला आले तेव्हा तो इंजिनिअर आणि मी रिकामी. वेरिबीत रॉन नावाच्या एका म्हाताऱ्या फ्रेमवाल्याच्या दुकानावर 'मदतनीस पाहिजे' अशी पाटी दिसली. आत गेले, एक कोपरा जोडून दाखवला. रॉनने तो उजेडात धरला, फटीतून पलीकडचं दिसतंय का पाहिलं आणि म्हणाला, "सोमवारी ये." बोलण्यात तो महाकंजूस. पुढे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याने दुकान माझ्या हवाली केलं आणि स्वतः मासे पकडायला मोकळा झाला. तरी दर गुरुवारी दुपारी चहाला यायचा, येताना स्वतःची बिस्किटं स्वतः घेऊन.

रॉनने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या मागे दुकानाची चिठ्ठी चिकटवायची, नाव आणि फोन नंबर लिहून. "उद्या ती फ्रेम पडली, तर कुणाला शिव्या घालायच्या ते लोकांना कळलं पाहिजे," तो म्हणायचा. आणि दुसरी गोष्ट म्हणजे थुंकी. हसू नका. जुन्या चित्रावरची धूळ, माशांची घाण, धुराचा थर काढायला थुंकीसारखं औषध नाही. कापसाचा बोळा काडीवर गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा. मोठमोठ्या म्युझियममध्येही असंच करतात, असं रॉन सांगायचा. मला ती विद्या फार आवडली. तशी मला लहानपणापासून डाग सहन होत नाहीत. दुसऱ्याच्या घरी गेले तरी टेबलावरचा चहाचा गोल डाग मी बोलता बोलता पुसते.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. ग्लेनिस नावाची एक बाई लग्नाचा फोटो घेऊन आली आणि म्हणाली, "यातला हा माणूस कापून टाक." हा माणूस म्हणजे नवरा. मी म्हटलं, "कापू नकोस. मी माउंटची खिडकी अशी कापते की फक्त तू दिसशील. तो पुठ्ठ्याखाली राहील." तिला ते पटलं. त्याला पुठ्ठ्याखाली दडपलेला पाहून तर फारच आनंद झाला. तीन वर्षांनी तीच फ्रेम काखेत मारून परत हजर. जरा लाजत म्हणाली, "फिल, ही खिडकी थोडी रुंद करता येईल का?"

"कितपत?"

"एका नवऱ्याइतकी."

दुसरा एक पोरगेला गडी फुटबॉलची जर्सी फ्रेम करायला आला. फायनल जिंकलेली जर्सी, चिखलाने भरलेली. मी त्याला विचारलं, "चिखल ठेवायचा की काढायचा?" तर त्याचा चेहरा असा खुलला की काय सांगू. म्हणाला, "माझ्या बायकोने हे विचारलं नव्हतं. वॉशिंग मशीनच्या तोंडातून मी ती ओढून काढलीय."

विचारायची ही अक्कल मला जन्मतः नव्हती. ती एका चित्रामुळे आली, आणि हे सगळं लिहायला बसले ते त्या चित्रासाठीच.

तो हिवाळ्यातला दिवस होता. दुपारी दार उघडलं आणि चिखलाने माखलेले गमबूट घातलेला एक माणूस आत आला. पस्तिशीचा असेल. रुंद चेहरा, वाऱ्याने भाजलेले गाल. एका हातात नाल्याला लावतात तसला प्लास्टिकचा लांब पाइप, दुसऱ्या हातात दोन फ्लॉवरचे गड्डे. गड्डे त्याने आधी काउंटरवर ठेवले. वेरिबी साउथला भाजीचे मळे आहेत, तिथे तो शनिवार-रविवारी फ्लॉवर कापायचा आणि बाकीचे दिवस इंग्रजी शिकायचा. नाव गानबोल्ड. मंगोलियाचा.

"तिथे काय करायचास?" मी विचारलं.

"चित्र," तो म्हणाला. "इथे फ्लॉवर."

पाइपमधून त्याने कॅनव्हासची गुंडाळी बाहेर काढली, आणि मी मनात म्हटलं, हा जाणकार आहे. अनाडी लोक चित्र गुंडाळताना रंगाची बाजू आत करतात, मग रंगाला सुरकुत्या पडून तडे जातात. जाणता माणूस रंग बाहेर ठेवून गुंडाळतो. याने तसंच केलं होतं. त्याने गुंडाळी माझ्या टेबलावर उलगडली, चार कोपऱ्यांवर माझ्याच पट्ट्या ठेवल्या आणि बाजूला झाला.

एक म्हातारी बाई माझ्याकडे बघत होती.

वसईतल्या आमच्या दुकानात तसबिरींतले चेहरे गुळगुळीत असत, गालावर गुलाबी, ओठावर हसू. हा चेहरा सुरीने रंग थापून केलेला. गाल लाल, विटेसारखे. हनुवटीखाली चक्क हिरवा रंग. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा, आणि कपाळावर चार फटकारे, जणू ओल्या मातीत बोटं फिरवलीत. खरं सांगते, आधी वाटलं चित्र अर्धवट आहे. मग दोन पावलं मागे सरले आणि सगळं एकदम जागेवर आलं. चहा करून ठेवलाय, तू उशीर केलास, आता गार झाला तर माझ्यावर खेकसू नकोस, असं त्या बाईच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. माझी आई दुपारी असंच बघायची.

"कोण ही?"

"आई. डुल्मा." मग तिच्या अंगातल्या गडद निळ्या झग्यावर बोट ठेवून म्हणाला, "हा डेल. आमचा कपडा."

गावातल्या हॉलमध्ये, नव्याने इथे आलेल्या चित्रकारांचं एक प्रदर्शन भरणार होतं. तीन आठवड्यांनी. ऑस्ट्रेलियातलं त्याचं पहिलंच. आईचं चित्र भिंतीवर लागलं की तिच्याखाली उभं राहून फोटो काढायचा आणि तो तिला पाठवायचा, असा त्याचा बेत. आई सत्तरीच्या पुढची, एकटी. पुन्हा कधी भेट होईल याचा नेम नाही, हे तो काही बोलला नाही, पण चित्र माझ्या हाती देताना त्याने दोन्ही हातांनी दिलं.

तो गेल्यावर मी चित्र खिडकीजवळ नेलं आणि मला डाग दिसले. पांढरे, मळकट, मसुराएवढे. वीसेक असतील. सगळे डाव्या बाजूच्या वीतभर पट्ट्यात, त्या सुंदर निळ्या डेलच्या बाहीवर आणि मागच्या अंधारावर. वाटलं, पक्ष्यांची घाण. नाहीतर प्रवासात बुरशी लागली. बिचारा फ्लॉवरच्या मळ्यात कुठल्या शेडमध्ये राहतो कोण जाणे!

एवढं मात्र मला तेव्हाच कळायला हवं होतं की घाण अशी एका पट्ट्यात रांगेत बसत नाही. पण माझे हात डोक्याच्या पुढे धावतात.

बुधवारी गिऱ्हाईक नव्हतं. मी कापूस घेतला, काड्या घेतल्या, आणि चर्चमधल्या मिस्सातली गाणी गुणगुणत एकेक डाग थुंकीने काढला. जपून, रंगाचा कणही न दुखवता. दोन तास लागले. शेवटचा डाग गेला आणि डेलचा निळा रंग असा झळकला की मी स्वतःवरच खूश झाले. मग चौकटीवर कॅनव्हास ताणला, स्टेपल मारले. ही सफाई आपल्याकडून भेट, असंही ठरवून टाकलं. शनिवारी तो आला की त्याला चकित करायचं.

तो चकित झाला.

आधी ताणलेलं चित्र पाहून त्याला तोंडभर हसू आलं. मग तो जवळ गेला. बाहीवरून हात फिरवला. वाकून बघितलं, तिरकं होऊन उजेडात बघितलं. माझ्याकडे वळून त्याने हळूच विचारलं, "दूध कुठे गेलं?"

"कसलं दूध?"

त्याच्या मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत मला जे समजलं ते असं. त्यांच्याकडे माणूस दूरच्या प्रवासाला निघाला की घरातली बाई, शक्यतो आई, त्याच्या पाठीमागे दूध उडवते. त्यासाठी लाकडी पळी असते, तिला नऊ खळगे. वाट पांढरी व्हावी, म्हणजे शुभ व्हावी म्हणून. उलानबातरच्या स्टेशनवर बीजिंगची गाडी हलली तेव्हा डुल्माबाई फलाटावर पळत आल्या आणि दूध उडवलं. याच्या पाठीवर चित्राची गुंडाळी, सुतळीने बांधलेली, रंग बाहेर. दूध त्यावर पडलं. पाइप त्याला पुढे बीजिंगला मिळाला. तोवर ते थेंब वाळले होते आणि त्याने ते तसेच जपले. मी इथे आले तेव्हा विमानतळावर माझ्या आईचं लोणचं कस्टमच्या साहेबांनी कचऱ्यात टाकलं होतं. याच्या आईचं दूध मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत देशात आलं होतं. आणि मी ते पुसून कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. डबा गुरुवारी सकाळीच रिकामा झाला होता.

मी सॉरी म्हटलं. पुन्हा म्हटलं. त्याने खाली बघून मान हलवली.

"नो वरीज," तो म्हणाला. इथे आलेल्या प्रत्येकाला सगळ्यात आधी येणारे हे दोन शब्द. तो गेला. चित्र फ्रेमसाठी माझ्याकडेच राहिलं. त्या दिवशी त्याच्या हातात फ्लॉवर होता, तो द्यायचं विसरून तसाच परत घेऊन गेला.

संध्याकाळी जेवताना जोसेफला सांगितलं. माझ्या नवऱ्याला इंजिनिअर असल्यामुळे प्रत्येक गोष्टीवर उपाय सुचतो. "अगं, त्यात काय, थोडं दूध घे आणि ब्रशने मार. कुणाला कळणारे?"

"त्याला कळेल. आणि मला."

"मग विसर. डागच होते ना शेवटी."

मी ताटातला भात चिवडत राहिले. जरा वेळाने जोसेफचाच घास हातात राहिला. "फिलू," तो म्हणाला, "गॅरेजमधली ती तपकिरी सूटकेस. आपण निघालो तेव्हा तुझ्या आईने तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं होतं. ते डाग पडले म्हणून मी कुरकुर केली, नवी सूटकेस आहे म्हणून. तू मला ती अजून पुसू दिली नाहीयेस."

मग मात्र मी ताटावर बसूनच रडले. आईला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

पुढच्या गुरुवारी रॉन चहाला आला. मी सगळं सांगितलं. त्याने बिस्कीट चहात बुडवलं, ते वितळायच्या आत खाल्लं आणि म्हणाला, "ओळख करून दिल्याशिवाय कुणाच्या आईला चाटू नये, मेट." मला हसू आलं आणि त्याचा रागही आला. मग कप खाली ठेवून त्याने विचारलं, "कडांचं काय?"

"कसल्या कडा?"

"दूध काय फक्त चित्रावर पडलं? कॅनव्हासची कड नसते?"

मी उठलेच. ताणलेल्या कॅनव्हासची तीन-चार बोटं कड चौकटीवरून वळून मागे जाते, ती रंगवलेली नसते, तिकडे कुणी बघत नाही. मीसुद्धा डाग काढताना बघितलं नव्हतं. डाव्या बाजूला वळलेल्या जागी, जाडीवर, तीन थेंब होते. वाळलेले, पिवळट पांढरे. मागच्या वळणाला टेकलेल्या एका थेंबाच्या अगदी शेजारी माझा स्टेपल बसला होता, केसाएवढं अंतर सोडून.

माझ्या डोक्यात लगेच चक्रं सुरू. मोठी चौकट करू, ही कड समोर आणू, मागून नव्या कापडाची पट्टी चिकटवू. हात तर स्टेपल उपटायच्या पकडीकडे गेलाही. रॉनने नुसती भुवई उचलली. मी पकड खाली ठेवली. या वेळी आधी विचारायचं.

शनिवारी दुकान दुपारी बंद करून मी वेरिबी साउथला गेले. मैलभर फ्लॉवर, मधे पाण्याचे पाट, आणि समुद्राकडून येणारा बोचरा वारा. मळ्याच्या टोकाला गानबोल्ड वाकून सपासप गड्डे कापत होता. मला बघून सरळ झाला, सुरी हातातच.

"तीन थेंब राहिलेत," मी ओरडून सांगितलं. वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नाही. मग चिखलातून जवळ जाऊन सांगितलं. आईचं, सूटकेसचं, पवित्र पाण्याचं, सगळंच सांगून टाकलं. माझ्या चांगल्या चपला पार कामातून गेल्या. तो ऐकत राहिला. मग मी विचारलं, "आता काय करू? कड समोर आणू? की तसंच ठेवू? तू सांगशील तसं."

त्याने सुरी गमबुटाला पुसली. "आईला विचारू," तो म्हणाला.

रविवारी मिस्सा झाल्यावर मी दुकान उघडलं आणि माझ्या फोनवरून त्याने उलानबातर लावलं. डुल्माबाईंकडे फोन नव्हता, शेजारी होता. बोलावून आणेपर्यंत आम्ही दोघं त्या चित्राकडे बघत बसलो. परक्या देशातल्या एका म्हातारीचा आशीर्वाद मी पुसला होता, आणि आता ती मला काय म्हणणार ते तिच्याच मुलाच्या तोंडून ऐकायचं होतं.

मग पलीकडून आवाज आला. खणखणीत, मला बाजूला बसून ऐकू येईल असा. गानबोल्ड बोलत होता, बोलता बोलता माझ्याकडे बघत होता. मग पलीकडून प्रश्न आला. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "आई विचारते, कशाने पुसलं?"

आता आली का पंचाईत! खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण मी कापूस नसलेली काडी जिभेला लावून दाखवली. "थुंकीने."

त्याने ते सांगितलं. फोनमधून असा आवाज आला की मला वाटलं बाई रडतायत. गानबोल्डने फोन कानापासून लांब धरला. त्या हसत होत्या. हसत होत्या आणि खोकत होत्या, शेजारचेही हसायला लागलेले ऐकू येत होते. मग त्या बराच वेळ काहीतरी बोलल्या. गानबोल्डचे कान लाल झाले.

"काय म्हणतात?"

"ती म्हणते," तो म्हणाला, आणि त्याला शब्द जुळवायला वेळ लागला, "लहानपणी माझं तोंड ती रोज असंच पुसायची. थुंकीने. शाळेच्या दारात, सगळ्यांसमोर. म्हणते, दूध वाटेसाठी होतं. तू पोचलास ना? मग ते चित्रावर बसून काय करतंय?" तो थांबला. "आणि म्हणते, जी बाई थुंकीने तोंड पुसते ती परकी नसते. पुढच्या वेळी निघशील तेव्हा दूध तिने उडवायचं. तिला सांग."

त्या दिवसापासून तो मला एग्च म्हणायला लागला. त्यांच्या भाषेत मोठी बहीण. 'फिल'पेक्षा मला ते कितीतरी बरं वाटलं.

कडेचं मी त्याला पुन्हा विचारलंच. त्याने कड समोर आणू दिली नाही. "आई समोर आहे, ते पुरे," म्हणाला. पण थेंब झाकायचेही नव्हते. नेहमीच्या फ्रेमची पट्टी चित्राच्या कडेवर चढते आणि जाडी पूर्ण झाकते. म्हणून मी खोक्यासारखी उघडी फ्रेम केली. तिच्यात चित्र मधोमध बसतं आणि चारी बाजूंना बोटभर फट राहते. बाजूला जाऊन वाकून बघितलं तरच ते तीन थेंब दिसत. प्रदर्शनाच्या दिवशी डुल्माबाईंपुढे घोळका होता. फ्रेमकडे नेहमीप्रमाणे कुणाचंच लक्ष नव्हतं, फक्त रॉन भिंतीला गाल लावून फटीत बघत उभा होता. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली.

दोनेक वर्षांनी गानबोल्डला सिडनीत चित्रकला शिकवायची नोकरी लागली. क्वेकर्स हिलला त्याने खोली घेतली. निघायच्या सकाळी तो दुकानासमोर व्हॅन घेऊन आला. मी चित्राला पुठ्ठ्याचे कोपरे लावून, बबल रॅपमध्ये असं बांधलं होतं की हत्तीने लाथ मारली असती तरी काही झालं नसतं. त्याने ते व्हॅनच्या मागच्या दाराशी उभं केलं आणि सुरीने डाव्या बाजूचं वीतभर रॅप कापून काढलं.

"अरे, खराब होईल!" मी म्हटलं. एवढ्या वर्षांची सवय.

"एग्च, दूध," तो म्हणाला.

मी दुकानातला फ्रिज उघडला तर आत लाइट मिल्क, जोसेफच्या डॉक्टरने सांगितलेलं. आशीर्वाद काही फॅट काढलेला द्यायचा नाही. कोपऱ्यावरच्या मिल्क बारकडे, म्हणजे इथल्या किराणा दुकानाकडे, पळत गेले, फुल क्रीमचा डबा आणला. नऊ खळग्यांची पळी कुठून आणणार? रॉनचा चहाचा चमचा घेतला. व्हॅन हलली, मागचं दार अर्धं उघडं, बबल रॅपमागून डुल्माबाईंचा मोठा डोळा माझ्यावर. मी मागे पळत चमच्या चमच्याने दूध उडवत होते. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. मी मंगोलियन काही म्हणू शकत नव्हते, म्हणून आईने सूटकेसवर म्हटली होती तीच प्रार्थना मराठीत म्हटली. दूध व्हॅनवर पडलं, रस्त्यावर पडलं, थोडं माझ्या अंगावर, आणि चांगलं भरपूर त्या निळ्या बाहीवर. आईची फार आठवण आली. पण मी रडत नव्हते, हसतच होते.

यालाही वर्ष झालं असेल. एक दिवस दुपारी दुकानात फोन वाजला. सिडनीहून कुणीतरी पुरुष. क्वेकर्स हिलजवळ त्याचं फ्रेमचं दुकान होतं.

"फिल आहे का?"

"मीच फिल."

तो क्षणभर थांबला. फोनवर त्याला माझ्या मागची भिंत बघता येईना. "तुझी चिठ्ठी आहे या फ्रेमच्या मागे," तो म्हणाला. "एका म्हाताऱ्या बाईचं चित्र. एक कोपरा जरा सुटलाय, तो मी बसवतो. झकास काम आहे बाय द वे. पण ऐक ना, डाव्या बाजूला पांढरे डाग पडलेत. बर्ड पू असावं. गिऱ्हाईक शनिवारी येईल. आज दुकानात कुणी नाही, म्हटलं तोवर साफ करून टाकतो, फ्री, त्याला सरप्राइज. एवढंच विचारायचं होतं, वरून व्हार्निश दिलंयस का? कारण मी थुंकीने…"

"अरे हात लावू नकोस!"

हे मी मराठीत ओरडले, आणि ओरडल्यावरच मला कळलं की मराठीत ओरडलेय. मी इंग्रजीत समजावून सांगायला तोंड उघडलं, पण कुठून सुरुवात करायची तेच सुचेना. स्टेशनपासून करायची, की मसुराएवढ्या थेंबांपासून, की तपकिरी सूटकेसपासून?

त्या माणसाला माझा एक शब्दही कळला नसणार. तरी काडी खाली ठेवल्याचा बारीक आवाज मला फोनमध्ये ऐकू आला.

"नो वरीज," तो म्हणाला.

एवढ्या वर्षांत ते दोन शब्द मला इतके गोड कधीच लागले नव्हते.